हार्टसाठी नॅचरल सप्लिमेंट: पुरुषांनी काय घ्यावं, बायकांनी काय घ्यावं, आणि कुठे थांबावं

मी फार्मासिस्ट आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला मेडिकलच्या काउंटरवर असतो. हल्ली रोज कोणीतरी येऊन म्हणतंच, "हार्टसाठी काहीतरी नॅचरल द्या ना." त्यात उपवनला सकाळी चालायला जाणारे काका असतात, ऐरोलीच्या आयटी पार्कातून रात्री उशिरा घरी परतणारी पोरं असतात, पाळी थांबत आलेल्या ताई असतात, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांचे मुलगे असतात. सगळ्यांना एकच डबा हवा असतो, जो घेतला की हार्ट सेफ. असा डबा नाहीये. पण काही गोष्टींचा खरंच उपयोग होतो, काहींचा होत नाही आणि काहींनी चक्क नुकसान होतं, आणि हे पुरुष की बाई, वय किती, आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत यावर बदलतं. म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहितोय.

आधी एक अभ्यास सांगतो म्हणजे अपेक्षा कुठे ठेवायची ते कळेल. २०२२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी लोकांचे गट पाडले, एका गटाला रोसुवास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) फक्त ५ मिलिग्रॅमची गोळी, एकाला औषध नसलेली खोटी गोळी आणि बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा घटक), रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ) यातलं एकेक, असं २८ दिवस दिलं. रोसुवास्टॅटिनवाल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास ३८ टक्के उतरलं आणि सहापैकी एकही सप्लिमेंट खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. २८ दिवस कमीच, आणि हे मोजमाप कोलेस्टेरॉलचं होतं, हार्ट अटॅकचं नाही, हे मान्य. तरी "स्टॅटिन बंद करून हे नॅचरल घ्या" असं कोणी म्हणालं तर हा आकडा लक्षात असू द्या.

पायरी १: डबा घ्यायच्या आधी रिपोर्ट काढा

सप्लिमेंट हार्टवर डायरेक्ट काम करत नाही, ते करतं कुठल्या तरी एका आकड्यावर, एलडीएल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), बीपी असं काहीतरी. मग तुमचा कुठला आकडा बिघडलाय हेच माहीत नसेल तर घेताय कशासाठी? लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच, बराचसा आनुवंशिक घटक), एवढं करून घ्या. बीपी घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा, बसून, पाच मिनिटं शांत राहून, चहा-सिगरेटच्या आधी. कमरेचा घेर पण मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं.

एलडीएल किती असावं? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सांगितलंय की धोका कमी असेल तर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली, धोका जास्त असेल तर ७० च्या खाली आणि आधी अटॅक वगैरे होऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली नॉर्मल रेंज सगळ्यांना सारखीच असते त्यामुळे ती बघून निर्धास्त होऊ नका, तुमची रेंज डॉक्टर ठरवतात.

बायकांसाठी इथे दोन गोष्टी जास्तीच्या. एक म्हणजे टीएसएच. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि आपल्याकडे हा त्रास बायकांमध्ये खूप आहे, मग कोलेस्टेरॉलचे डबे खात बसण्यापेक्षा थायरॉइडची गोळी नीट लागू झाली की आकडा बराचसा आपोआप खाली येतो. दुसरं म्हणजे बाळंतपणाचा इतिहास. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, शुगर झाली होती का, वेळेआधी बाळ झालं का, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे का, हे सगळं पुढच्या हार्टच्या धोक्याशी जोडलेलं आहे आणि ते हार्टच्या डॉक्टरला कोणी सांगतच नाही, कारण त्याचा हार्टशी काय संबंध असं वाटतं. संबंध आहे, सांगा.

पुरुषांचं असं की ते आधी गाठले जातात. २००४ मध्ये आलेल्या इंटरहार्ट अभ्यासात, जो ५२ देशांत झाला होता, दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, बाकी देशांत तो ५८-५९ च्या आसपास होता, आणि बायकांचा पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी ९ वर्षं उशिरा. बायकांना ही वर्षं मिळतात त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे असं मानतात, पाळी थांबली की एलडीएल चढायला लागतं आणि ती सवलत संपत जाते. म्हणून पुरुषांनी तिशीतच पहिला रिपोर्ट काढावा आणि बायकांनी पाळी थांबल्यावर परत एकदा नव्याने काढावा, चाळिशीत नॉर्मल होता म्हणून पन्नाशीत असेलच असं नाही.

पायरी २: बिघडलेला आकडा बघून निवड करा

एलडीएल जास्त असेल तर सगळ्यात भरवशाचं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे इसबगोल. हो, पोट साफ व्हायला घेतात तेच. त्यातला विरघळणारा फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त बनवायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला १० ग्रॅम भुसी म्हणजे साधारण ७ ग्रॅम विरघळणारा फायबर, आणि त्याने एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं. म्हणजे १६० असेल तर १४४ ते १५२ च्या दरम्यान. छोटं वाटेल, पण जेवणात तूप-फरसाण कमी केलं, वजन थोडं उतरलं आणि त्यात हे मिळालं तर बेरीज चांगली होते. स्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरला सांगून त्याच्या जोडीलाही घेता येतं.

घ्यायची पद्धत महत्त्वाची आहे. भुसी हलकी असते, चमच्याचा अंदाज चुकतो, एकदा किचनच्या काट्यावर ५ ग्रॅम मोजून बघा म्हणजे डोळ्यांना सवय होईल. पहिला आठवडा फक्त ३ ग्रॅम, नाहीतर गॅसने हैराण व्हाल आणि सोडून द्याल, मग ५ ग्रॅम सकाळी, ५ ग्रॅम संध्याकाळी जेवणाआधी. मोठा ग्लास भरून पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर अजून अर्धा ग्लास पाणी. कोरडी फाकी मारायची नाही, घशात फुगून अडकते. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर देऊच नका. आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा कारण ती गोळ्यांना पण धरून ठेवते. साखर आणि फ्लेवर घातलेले डबे शुगरवाल्यांनी टाळा, साधी भुसी घ्या.

ओट्स आणि सातूमधला बीटा-ग्लुकॅन पण असंच काम करतो, दिवसाला ३ ग्रॅम लागतो, तेवढा साध्या ओट्सच्या दीड वाटीत मिळतो, मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ जास्त असतं ते नको. वर सांगितलेल्या अभ्यासात नाही, पण इतर अभ्यासांत प्लांट स्टेरॉल दिवसाला २ ग्रॅम घेऊन साधारण ८ ते १० टक्के एलडीएल उतरलंय, पण महाग पडतं, इसबगोल असताना पहिली निवड म्हणून मी सुचवत नाही.

बीपीसाठी लोक लसणाच्या कॅप्सूल मागतात, बीटचा ज्यूस मागतात. थोडा फरक पडतो, पण मीठ कमी केल्याने जे होतं त्याची जागा हे घेत नाहीत. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो, लो सोडियम मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, स्ट्रोक १४ टक्के कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून हार्टचे ठोके बिघडू शकतात, अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि सैंधव म्हणजे लो सोडियम नव्हे. ते पण मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, गुलाबी असलं तरी.

पायरी ३: ओमेगा-३ चं नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त पैसा यात जातो म्हणून इथे जरा थांबूया.

डब्यावर मोठ्या अक्षरात फिश ऑइल १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. मागे उलटवून बघा, त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे माशातल्या ओमेगा-३ चे दोन प्रकार), म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००. बाकी नुसतं तेल. अशी एक कॅप्सूल रोज घेऊन हार्ट अटॅक टळतो का? २०१८ मध्ये व्हायटल नावाचा अभ्यास आला, २५,८७१ स्त्री-पुरुष, रोज १ ग्रॅम ओमेगा-३ विरुद्ध खोटी गोळी, मोठ्या हार्टच्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. त्याच अभ्यासात व्हिटॅमिन डी चे रोज २००० युनिट पण तपासले होते, त्यानेही हार्टला फायदा दिसला नाही. डी कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, हार्टच्या नावाने नको.

मग ओमेगा-३ बेकार का? तसंही नाही. रिड्यूस-इट नावाच्या दुसऱ्या अभ्यासात ट्रायग्लिसराइड वाढलेल्या, स्टॅटिन चालू असलेल्या, जास्त धोक्याच्या लोकांना शुद्ध ईपीए दिवसाला ४ ग्रॅम दिलं आणि घटना २५ टक्के कमी झाल्या. पण ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, काउंटरवरचा डबा नाही, आणि २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिसळून तेवढ्याच मोठ्या डोसने केलेल्या स्ट्रेंथ अभ्यासात फायदा दिसला नाही. त्यात मोठ्या डोसने ठोके अनियमित होण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. म्हणून चार-चार, सहा-सहा कॅप्सूल स्वतःच्या मनाने खाणं थांबवा, खासकरून साठीच्या पुढच्यांनी आणि ज्यांना मधेच धडधड होते त्यांनी.

मासे खात असाल तर आपण नशीबवान आहोत राव, बेलापूरला दिवाळे कोळीवाडा आहे, ठाण्यात चेंदणी आहे. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट आणि स्वस्त मासे आठवड्यातून दोनदा, कालवण किंवा तिखलं करून. कडक तळून रवा लावून खाल्ले तर त्याचा तसा उपयोग नाही. पापलेट-सुरमईच पाहिजे असं काही नाही, या कामाला बांगडा पुरेसा आहे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा दोन महिने नाही खाल्ले तर काही बिघडत नाही. सुकट-सोडे त्याची भरपाई म्हणून बीपीवाल्यांनी खाऊ नका, मीठ फार असतं.

शाकाहारी लोकांसाठी जवस आणि अक्रोड. यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं, एएलए, आणि शरीर त्यातलं थोडंसंच ईपीए-डीएचए मध्ये बदलतं. इथे स्त्री-पुरुषांत खरंच फरक आहे, इस्ट्रोजेनमुळे तरुण बायकांचं शरीर हे रूपांतर जास्त करतं, एका गाजलेल्या मोजमापात तरुण पुरुषांत ईपीए साधारण ८ टक्के बनलं तर तरुण बायकांत २१ टक्के. तरी जवस दोघांनी खावा, त्यात फायबर पण आहे. रोज एक मोठा चमचा, हलका भाजून, कुटून. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या एपीएमसीत चांगला मिळतो, एकदम किलोभर कुटून ठेवू नका, खवट होतो, आठ-दहा दिवसांपुरती चटणी करा आणि मीठ बेताचं घाला. रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी चटणी खायला हरकत नाही, पण जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारून.

पायरी ४: बायकांनी स्वतःचा डबा तपासावा

चाळिशी-पन्नाशीच्या ताईंच्या पर्समध्ये बहुतेक वेळा कॅल्शियम, आयर्न, केसांची गोळी आणि एखादं मल्टिव्हिटॅमिन असतं. हार्टसाठी घेतोय असं त्यांना वाटत नाही, पण हार्टशी संबंध येतो.

कॅल्शियमचं बघा. पाळी थांबल्यावर गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम धरतात, पण ती जेवणातून येणं आणि गोळीतून एकदम येणं यात फरक असावा असं काही अभ्यासांत दिसलंय. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या तपासणीत व्हिटॅमिन डी शिवाय नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हार्ट अटॅक साधारण ३० टक्के जास्त दिसले. यावर तज्ज्ञांत वाद आहे, सगळ्यांना ते पटलेलं नाही, म्हणून घाबरून चालू गोळी बंद करू नका, हाडं ठिसूळ असतील तर ती लागतेच. पण "वय झालं म्हणून सेफ्टीला" रोज १००० ची गोळी कोणी सांगितलेलं नसताना घेत असाल तर आधी ताटातला हिशोब करा. दोन कप दूध-दही, एक नाचणीची भाकरी, चमचाभर तीळ, पालेभाजी, एवढ्यात बरंच येतं, नाचणीत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास असतं. राहिलेली तूटच गोळीतून भरा आणि ५०० पेक्षा जास्त एका वेळी नको. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम आणि आयर्न दोन्ही चार तास लांब.

केसांची गोळी. बायोटिन. याबद्दल मला खरोखर कळकळीने सांगायचंय. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम लागतं आणि केस-नखांच्या गमीज आणि गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. इतकं बायोटिन रक्तात असेल तर हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन नावाची जी टेस्ट असते ती काही मशीनवर खोटी कमी येऊ शकते, म्हणजे अटॅक असून रिपोर्ट नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा इशारा दिला आणि २०१९ मध्ये परत दिला, अशा चुकीच्या रिपोर्टनंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात आहे. थायरॉइडचे रिपोर्ट पण याने चुकतात. रुटीन टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, लॅबवाल्याला सांगा, आणि इमर्जन्सीत डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा.

आयर्न हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी असेल तर हवंच, ॲनिमिया असेल तर हार्टला जास्त पळावं लागतं. सोया आयसोफ्लेवोनच्या गोळ्या मेनोपॉजमध्ये घेतात, त्याने कोलेस्टेरॉलवर फरक नगण्य पडतो. आणि गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल तर कोलेस्टेरॉलसाठीचं कुठलंच हर्बल स्वतःहून सुरू करू नका.

पायरी ५: पुरुषांनी जिमचा डबा तपासावा

पुरुषांत दोन टोकं दिसतात. पंचविशी-तिशीतली पोरं प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर), फॅट बर्नर, टेस्टोस्टेरॉन बूस्टर घेतात, आणि पन्नाशीतले मल्टिव्हिटॅमिनमध्ये सगळं येतं म्हणून निवांत असतात.

प्री-वर्कआउटमध्ये कॅफिन भरपूर असतं, काहींत सिनेफ्रीन, म्हणजे कडू संत्र्यापासून काढलेलं, ते पण नॅचरलच. दोघं मिळून बीपी आणि ठोके वाढवतात. बीपी कधी मोजलं नाही, घरात वडिलांना लवकर अटॅक आलेला, झोप पाच तास, आणि वर हे घेऊन जड वजन उचलायचं, हे करू नका रे बाबांनो. एल-आर्जिनिन नावाचं अमिनो ॲसिड रक्तवाहिन्या मोकळ्या करतं म्हणून विकतात, पण २००६ मध्ये हार्ट अटॅक होऊन गेलेल्यांना ते देऊन बघितलं तेव्हा आर्जिनिनच्या गटात ६ जण गेले, खोट्या गोळीच्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मधेच थांबवावा लागला. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांनी लांब राहा.

व्हिटॅमिन ई ची ४०० ची कॅप्सूल अजूनही लोक हार्टसाठी मागतात. २००० मध्ये होप अभ्यासात हार्टला फायदा दिसला नाही, पुढे २०११ मध्ये सिलेक्ट अभ्यासात पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के वाढलेला दिसला. रोज घेण्याचं कारण उरत नाही. सिगरेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेलं अँटिऑक्सिडंट तर घेऊच नये, फिनलंडमध्ये १९९४ मध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत त्याने फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के वाढला. गाजर खाल्ल्याने असं होत नाही, गोळीतला मोठा डोस वेगळा.

आयर्न असलेलं मल्टिव्हिटॅमिन पुरुषांना सहसा लागत नाही. बी१२ शाकाहारी पुरुषांत बऱ्याचदा कमी असतं, असेल तर ते भरून काढा नसांसाठी आणि रक्तासाठी, पण होमोसिस्टीन (बी१२ कमी असलं की रक्तात वाढणारा घटक) कमी करून अटॅक टळेल या आशेने नको, तसं अभ्यासांत निघालं नाही. आणि ट्रायग्लिसराइड ३०० वगैरे असेल तर कॅप्सूल शोधण्याआधी दोन महिने दारू पूर्ण बंद आणि गोड-मैदा कमी करून परत तपासा, त्याने जेवढा आकडा हलतो तेवढा काउंटरवरच्या कुठल्याच डब्याने हललेला मी बघितला नाही. ५०० च्या वर असेल तर थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, सरळ डॉक्टरकडे.

पायरी ६: आयुर्वेदिक आणि घरगुती

अर्जुनसाल आपल्याकडे फार जुन्या काळापासून हृदयासाठी वापरतात आणि त्यावर छोटे अभ्यास चांगले पण आहेत. मोठे, हजारो लोकांवरचे, अटॅक मोजलेले अभ्यास नाहीत. घ्यायचा असेल तर वैद्यांकडून, क्षीरपाक (दुधात उकळून) किंवा चूर्ण, आणि चालू गोळ्यांची यादी त्यांना दाखवून. अर्जुनारिष्टात गूळ आणि आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, शुगरवाल्यांनी आणि लिव्हरवाल्यांनी लक्षात घ्या. चालू गोळ्या बंद करून अर्जुन सुरू करणं हे मात्र कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी करू नका, स्टेंट टाकल्यावर क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी न होऊ देणारी गोळी मधेच सोडली तर स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो.

लसूण फोडणीत, चटणीत कितीही खा. कॅप्सूलच्या डोसमध्ये तो रक्त पातळ करायला हातभार लावतो, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीला नको. हळद पण तशीच, भाजीतली चालते, मिरीचा अर्क घातलेली करक्युमिनची स्ट्राँग कॅप्सूल काही लोकांच्या लिव्हरला लागलीय, इटलीत २०१९ मध्ये यावरून इशारा निघाला होता. ज्येष्ठमध घसा बसल्यावर एखाददिवस चघळणं वेगळं आणि रोज काढा पिणं वेगळं, रोज घेतल्याने पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, आणि बीपीच्या पेशंटने लघवीच्या गोळीसोबत घेतलं तर जास्तच.

रेड यीस्ट राइस हे नॅचरल स्टॅटिन म्हणून ऑनलाइन मिळतं. त्यातलं मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन ही गोळी रसायन म्हणून एकच आहेत. म्हणजे साइड इफेक्ट पण तेच, फरक इतकाच की डब्यात ते किती आहे याचा भरवसा नाही. युरोपने २०२२ मध्ये दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या खालीच अशी मर्यादा घातली आणि जपानमध्ये २०२४ मध्ये अशा सप्लिमेंटने अनेकांच्या किडन्या बिघडल्यावर माल परत मागवावा लागला. स्टॅटिनच घ्यायचं तर मोजून, डॉक्टरच्या नजरेखाली घ्या.

कोएन्झाइम क्यू१० (शरीरात पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा घटक) बद्दल एवढंच की हार्ट फेल्युअरच्या ४२० रुग्णांवर २०१४ मध्ये चांगला निकाल आला होता, दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर, नेहमीच्या औषधांच्या जोडीला. निरोगी माणसाने रोज घ्यावं यासाठी तसा पुरावा नाही आणि वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

पायरी ७: विकत घेताना आणि सुरू करताना

लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारची अन्न सुरक्षा संस्था) १४ आकडी नंबर बघा, आयुर्वेदिक असेल तर उत्पादन परवाना नंबर. सप्लिमेंटच्या डब्यावर ते औषध म्हणून वापरायचं नाही असं लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण समोरून जाहिरात ब्लॉकेज उघडतो म्हणत असते. हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, असा दावा दिसला की तो डबा खाली ठेवा. सोसायटीत चेन पद्धतीने विकायला येणारे शेजारी असतात, त्यांचं मन मोडायचं नसेल तर चहा पाजा, पण घटकांची यादी आणि मिलिग्रॅम लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. तारीख कॅलेंडरवर लिहा. आठ ते बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये तीच टेस्ट. आकडा हलला तर चालू ठेवा, नाही हलला तर बंद करा, मित्राला फरक पडला म्हणून तुम्ही खात राहू नका. सगळ्या डब्यांचे, चूर्णांचे, काढ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि ओपीडीत दाखवा, नावं आठवत नाहीत आणि डॉक्टरकडे वेळ नसतो. कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं मोठं काम असलं तरी, दोन आठवडे आधी फिश ऑइल, लसूण, हळदीच्या कॅप्सूल, जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) याबद्दल सर्जनला सांगा, ते बंद करायला सांगतील. ॲस्पिरिन वगैरे मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

पायरी ८: यातलं काहीही इमर्जन्सीसाठी नाही

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, हे सगळ्यांना माहितीये. बायकांमध्येही छातीचं दुखणं असतंच, पण त्याच्या जोडीला किंवा कधी त्याच्याशिवाय दम लागणं, मळमळ, पाठीत मधोमध दुखणं, कारण नसताना भयंकर थकवा असं जास्त दिसतं, आणि मग ॲसिडिटी समजून घरात ओवा-सोडा चालू राहतो. शुगर असलेल्या माणसांना, पुरुष असो की बाई, दुखणं जाणवतच नाही असंही होतं.

अशा वेळी लसूण चावू नका, जोरजोरात खोकू नका, अर्जुनाचा काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करा, ते सांगतील तसं करा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. तुमच्या घरापासून चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं हॉस्पिटल कुठलं आहे हे आजच शोधून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या ट्रॅफिकचा, आणि पाम बीच किंवा ठाणे-बेलापूर रोडवाल्यांनी सिग्नलचा विचार करून एक नाही दोन नावं ठरवा, दोन्ही दिशांची. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, नाही झाला तर नम्रपणे पण स्पष्ट मागा. डब्यांचे फोटो दाखवा, रक्त पातळ करणारं काय चालू आहे ते सांगा, आणि केसांची गोळी किंवा बायोटिनची गमी चालू असेल तर शेवटची कधी घेतली हे ट्रोपोनिनचं रक्त काढायच्या आधी सांगा.